शामलाताईंच्या हातचं कुंकू

आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून बसलेल्या वस्तीत, कोणाच्या घरची बाई गेली, की नातेवाइकांच्या आधी शामलाताई गोंडाणेंना फोन जातो. मग ती बादली, साबण आणि एक जुनं पण धुतलेलं पातळ घेऊन येते, रडणाऱ्या बायकांना एका बाजूला बसवते, दार लोटून घेते आणि गेलेल्या बाईला आंघोळ घालते. घरात सुना-लेकी असताना हे काम तिच्याकडे कसं, असं परका माणूस विचारील. तर आमच्या सुना-लेकींना भीती वाटते. फोनवर दिवसभर भुताचे पिक्चर पाहतील, पण ज्या सासूच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं, तिच्या थंड पायाला हात लावायचा म्हटलं की यांना चक्कर येते.

मी इथे पिठाची चक्की चालवते. जरीपटक्याच्या पुढे, कामठी रोडच्या आतल्या अंगाला आमचा लेआऊट आहे. तेली, कुणबी, बौद्ध, सिंधी, दोनचार ख्रिस्ती, सगळे एकाच पाण्याच्या लाइनीवर. दळण होईपर्यंत बायका बोलत बसतात आणि त्यांना वाटतं, चक्कीच्या आवाजात हिला काय ऐकू येतं. मला सगळं ऐकू येतं. म्हणून हे मी सांगते आहे, आणि रागाने सांगते आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

शामलाताई सकाळी मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटते. नवरा प्रेमानंद कळमेश्वरच्या कारखान्यातून रिटायर होऊन गुडघे धरून घरी बसलेला. तिच्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. देव नाही, उपास नाही, कुंकू नाही. तिने हे कधी लपवलं नाही आणि कधी कोणाच्या नाकासमोर नाचवलंही नाही.

हे आंघोळीचं काम तिच्याकडे आलं ते एका सिंधी म्हातारीपायी. म्हातारी एकटी राहायची. गेली, तेव्हा आम्ही सगळ्या दारात तोंडाला पदर लावून उभ्या राहिलो आणि शामलाताई बादली घेऊन आत गेली. तेव्हापासून तीच. बौद्धाच्या घरी पांढरं पातळ नेसवून त्रिशरण म्हणते, ख्रिस्त्याच्या घरी ते सांगतील तसं करते. आमच्यात नवऱ्याआधी बाई गेली तर तिला सवाष्णीसारखं सजवून पाठवतात. हळद, हिरवं लुगडं, ओटी, आणि कपाळभर कुंकवाचा मळवट. हे तिला मीराबाईने शिकवलं.

मीराबाई म्हणजे माझ्या समोरच्या घरातली, चंपतरावांची बायको. तिची थोरली सून गेली तेव्हा मीराबाईच्याने तिचं कपाळ भरवेना. तिने शामलाताईच्या हातात करंडा दिला आणि सांगितलं, डाव्या हातानं मानेखाली धर, नाहीतर डोकं लोळते, आणि उजव्या तळव्यानं या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत भर. शामलाताईने तसंच केलं. मीराबाई तिथेच म्हणाली, "माह्या वेळेले तूच याजो वं शामला." धाकटी सून चारुशीला तेव्हा भिंतीला टेकून सगळं पाहत होती.

आता घाटाचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. नाल्याच्या काठाला आमचा दहनघाट आहे. चार लोखंडी चौथरे, एक बाभूळ, ती पण पार वाळलेली. शेड नाही, नळ नाही. आमच्या बायका घाटावर जात नाहीत, त्यामुळे आम्हाला फक्त ऐकून माहीत. शामलाताई जाते. तिने मे महिन्यात तिथे माणसं भोवळ येऊन पडताना पाहिली, पावसाळ्यात सरण विझताना पाहिलं. महानगरपालिकेत खेटे घातले. एका साहेबाने तिला विचारलं, तुमच्या घरचं कोणी आहे का तिथं. म्हणाली, सगळेच आहेत. साहेब हसला आणि चहाला गेला.

म्हणून यंदाच्या निवडणुकीत ती उभी राहिली. अपक्ष, महिलांच्या जागेवर. नगरसेवक व्हायची हौस तिला कवडीची नव्हती. घाटावर एक शेड आणि एक नळ, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढंच ती दारोदार सांगायची. चिन्ह मिळालं बादली. पोरं हसली, पण मला बरं वाटलं. माझे यजमान रुपराव प्रचारप्रमुख झाले, म्हणजे स्वतःच झाले. त्यांना कोणी नेमलं नव्हतं.

समोर होती काजल सावरबांधे. तिचा नवरा प्लॉट विकतो आणि बायकांना फुकट देवदर्शनाला नेतो. पाच बसा भरून बायका नेल्या, परत आणल्या, प्रत्येकीच्या हातात प्रसादाचा डबा. काजलचा एक फोटो असा नाही, ज्यात तिच्या हातात आरतीचं ताट नाही. ती काय करणार, हे कोणी तिला विचारलं नाही. ताट दिसलं, पुरे झालं.

शामलाताईला मात्र विचारलं. पहिल्याच गल्लीत एकीने विचारलं, ताई, तुम्ही देवाले मानता का? रुपरावांनी मागून तिला कोपराने ढोसलं. त्यांनी घरून पढवून आणलं होतं, की सगळे देव एकच आहेत म्हणायचं आणि पुढच्या दारी जायचं. पण ही बाई खोटं बोलायला शिकलेलीच नाही.

"मी नाही मानत," ती म्हणाली. "तुम्ही मानता, तर मी तुमच्या आड येत नाही. मी घाटाच्या शेडसाठी उभी आहे."

त्या दिवसापासून शेडचं कोणी ऐकलं नाही. चक्कीवर एकच विषय, ती देव मानत नाही. जिच्या सासूचं, नणंदेचं, आईचं शेवटचं पाणी या बाईच्या हातचं, तीच म्हणायची, बाकी स्वभावानं चांगली आहे हो, पण देवच मान्य नाही तर भरवसा कसा ठेवावा. मी एकदोघींना विचारलं, की काजलचा भरवसा कशावरून? म्हणाल्या, देवाले भेणारी बाई आहे काकू. तिचा नवरा मोकळ्या जागेवर पाटी लावताना कोणाला भेतो, ते मला अजून कळलेलं नाही.

मग रुपरावांच्या सुपीक डोक्यातून हळदीकुंकू निघालं. मतदान अगदी संक्रांतीला टेकून आलं होतं, त्यामुळे संक्रांत यायच्या आधीच सगळ्या उमेदवार बायकांनी हळदीकुंकवाचा सपाटा लावला होता. काजलचे तर रोज दोन. रुपराव म्हणाले, आपणही एक ठेवू, आपल्या अंगणात, म्हणजे शामलाताईच्या घरी कुंकू आलं असं होणार नाही. बायका येतील, तिळगूळ घेतील, तिच्याबद्दलची अढी जाईल.

शामलाताई दोन दिवस हो म्हणाली नाही. मी स्वतःच्या कपाळाला लावून घेणार नाही, एवढं तिने स्पष्ट सांगितलं. आम्ही उगाच नाही सोडलं ते, म्हणाली. मला ते पटलं. माझं कुंकू माझ्यासाठी जसं खरं, तसं तिचं न लावणं तिच्यासाठी खरं. मग रुपराव म्हणाले, घेऊ नका, पण लावून द्यायला काय हरकत आहे, आजवर लावतच आल्या ना. त्यावर ती तयार झाली. खरंच लावत आली होती. कोणाला लावत आली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

अंगण भरलं. मी करंडा तिच्या हातात दिला. पहिली आली चारुशीला, समोरच राहते म्हणून. भरजरी नेसून, केसांत गजरा माळून, हसत हसत पुढे झाली. रुपराव फोन धरून सगळं व्हिडिओत घेत होते आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकत होते.

हळद लागली. मग शामलाताईने कुंकवात बोट नाही, तळवा टेकवला. डावा हात चारुशीलाच्या मानेखाली गेला. उजवा तळवा या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत फिरला, सावकाश, निगुतीने, एकही जागा कोरी न ठेवता. ती जन्मात जिवंत बायकांच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती. तिच्या हाताला एकच कुंकू येत होतं, आणि हाताने ते केलं.

चारुशीलाने मानेखालचा तो हात ओळखला. तिने तो आपल्या जावेच्या मानेखाली पाहिला होता. ती किंचाळत मागे सरली. मागच्या बायका उठल्या. चपला सापडेपर्यंत थांबल्या नाहीत. चारुशीला घरी जाऊन डोक्यावरून न्हाली आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळल्याचा वास आमच्या घरापर्यंत आला.

शामलाताई अंगणात तशीच उभी होती. लाल झालेल्या तळव्याकडे पाहत म्हणाली, "हात गेला वं माहा. सवयीनं गेला." मी तिला बसवलं, पाणी दिलं. रुपराव अजून व्हिडिओ घेत होते. त्यांच्या हातातला फोन हिसकून मी पिठाच्या डब्यात टाकला, पण उशीर झाला होता.

तो व्हिडिओ दोन ठिकाणी गेला. आमच्या लोकांच्या ग्रुपवर खाली लिहून आलं, जिवंत सवाष्णीला मढं केलं, ज्यांना देवधर्म नाही त्यांच्या हातात वॉर्ड द्यायचा का? हे चारुशीलानेच लिहिलं होतं. ती घाबरली होती, हे मी समजू शकते. पण घाबरलेलं माणूस दार लावून बसतं, पन्नास जणींना निरोप धाडत बसत नाही.

आणि तोच व्हिडिओ विहाराच्या ग्रुपवर गेला. तिथे कमिटीत रजत नावाचा पोरगा आहे, बँकेत नोकरीला. तो शामलाताईच्या घरी आला, तेव्हा मी तिथेच होते. त्याच्या आजीला तिनेच पांढरं पातळ नेसवून पाठवलं होतं. आदराने बोलला, आवाज चढवला नाही. पण बोलला तेच. कुंकवाचा करंडा हातात धरून फोटो काढायचे असतील तर आमच्या आजोबांनी दीक्षा कशाला घेतली? "ताई, जी बाई आपल्या बावीस प्रतिज्ञा पाळत नाही, ते लोकायले दिलेला शब्द काय पाळंन?"

"मी लावून नाही घेतलं गा," ती म्हणाली.

"लावून देणं येगळं आहे का?"

रजत चुकीचं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्या प्रतिज्ञा त्याला स्वस्तात मिळालेल्या नाहीत, हे मला कळतं. पण दोन्ही ग्रुपांनी त्या आठवड्यात जे केलं, ते शब्दाला शब्द सारखं होतं. इकडे म्हणाले ती आपल्या देवाची नाही, तिकडे म्हणाले ती आपल्या धम्माची राहिली नाही. शेड कोणाच्याच तोंडात नव्हती. दोघांनी मिळून एका बाईच्या कपाळाची आणि हाताची झडती घेतली आणि समाधानाने मतदानाला गेले.

काजल दणकून निवडून आली. गुलाल उधळला, डीजे वाजला. शामलाताई कितव्या नंबरवर गेली ते सांगण्यात अर्थ नाही. खालून मोजलेलं सोपं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे पोळ्या लाटायला गेली. उरलेली बादलीची पत्रकं प्रेमानंदने चुलीला लावली.

काजलने निवडून आल्याबरोबर घाटाकडे लक्ष दिलं नाही असं नाही. घाटाच्या तोंडाशी मोठी कमान उभारायचं ठरलं, वर महादेव. कमानीचं काम सुरू होण्याआधीच तिथे तिचा मोठा बॅनर लागला, हातात आरतीचं ताट घेतलेला. लोक म्हणाले, पहा, करून राहिली ना.

मे महिन्यात मीराबाई गेली. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली. मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं आणि सगळ्या एकमेकींकडे पाहत होत्या. आंघोळीला पाणी काढलेलं, आणि पुढे कोणी होत नाही. शामलाताईचं नाव सगळ्यांच्या ओठावर होतं, पण बोलावणार कोण? चारुशीला कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली. शेवटी चंपतराव उठले. ऐंशीच्या घरातला माणूस काठी टेकत स्वतः तिच्या दारी गेला. त्यांना काही बोलावं लागलं नाही, असं प्रेमानंदने नंतर सांगितलं. ती बादली घेऊनच बाहेर आली.

आंघोळ झाली. हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, ओटी भरली. चारुशीलाने करंडा आणून पुढे धरला. शामलाताईने तो घेतला नाही.

"तू लाव," ती म्हणाली.

"मले नाही येत, ताई."

"मंग मी लावलं तर चालंन का?"

आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, आणि म्हणूनच खोलीतल्या एकीलाही वर पाहवलं नाही. चारुशीलाने मान हलवली. "तोंडानं सांग," शामलाताई म्हणाली. चारुशीला "चालंन" म्हणाली, अगदी हळू. मग शामलाताईने करंडा घेतला, डावा हात मानेखाली घातला आणि मीराबाईचा मळवट भरला, जसा मीराबाईने शिकवला होता तसा. नंतर नळाखाली हात धूत होती तेव्हा मी जवळ गेले. रंग निघत नव्हता आणि ती घासत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मेल्यावरच चालतो मी तुमाले."

घाटावरचं मला रुपरावांनी सांगितलं. ऊन असं, की चौथऱ्याच्या लोखंडाला हात लागेना. सरण रचेपर्यंतच चंपतरावांना भोवळ आली. सावली शोधली, तर सगळ्या घाटावर सावली एकच, काजलबाईच्या बॅनरची. त्यांना त्या सावलीत नेऊन आडवं केलं. वर आरतीचं ताट, खाली म्हातारा तोंडाला फेस आलेला. पाणी कोणाकडे नव्हतं. शामलाताई मागून बादलीभर पाणी घेऊन आली होती, नेहमीच नेते. ते त्यांच्या डोक्यावर, छातीवर मारलं, तोंडात घातलं. चितेभोवती फिरवायच्या मडक्यातही त्यातलंच पाणी भरलं. रुपराव म्हणाले, बादली शेवटी कामाला आली. आणि हसले. मी त्यांच्या पुढचं जेवणाचं ताट उचलून नेलं.

चंपतराव दवाखान्यातून घरी आले, पण चालत नाहीत आता. तेरवी झाल्यावर चारुशीला दळण घेऊन आली. डबा ठेवला आणि शामलाताईचं कौतुक सुरू केलं. अशी बाई शोधून सापडायची नाही, आमच्या सासूबाईचं किती मनापासून केलं, सासऱ्याचा जीव वाचवला. मी ऐकत होते. मग हळूच म्हणाली, काकू, ताईले एक इचारून ठेवा ना, कामठीले माह्या आईचीही तब्येत बरी नाही, तिकडे कोणी नाही, वेळ आलीच तर इथंच आणू, तर त्या येतीन का.

"अन् मत काहून नाही दिलं तिले?" मी विचारलं.

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जसं काही मी भलतंच विचारलं होतं. "मत कसं देता येते काकू," ती म्हणाली. "ते धर्माचं काम आहे."

मयताला आंघोळ, ओटी, मळवट, मडक्यातलं पाणी, हे सगळं तिच्या लेखी धर्माचं नव्हतं. ते कोणाच्याही हातचं चालतं. धर्माचं काम म्हणजे महानगरपालिकेचं बटण. मी चक्की सुरू केली. तिचा डबा रांगेत तिसरा होता तरी तोच आधी ओतला, कारण ती माझ्या समोरून जावी एवढीच माझी इच्छा होती.

संध्याकाळी शामलाताई ज्वारी घेऊन आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, शब्दही न गाळता. वर म्हटलं, नाही म्हणून सांग तिला. एकदा तरी नाही म्हण. करू दे त्यांना त्यांचं, मग कळेल.

ती पिठाची पिशवी बांधत होती. गाठ दोनदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"तिच्या मायचं काय चुकलं वं," म्हणाली. "येतो म्हणा."

पिशवी डोक्यावर घेतली आणि दारापर्यंत गेली. मग वळून म्हणाली, "पण तिले एक सांगजो. घाटावर सावली नाही. म्हाताऱ्या माणसायले घरीच ठेवा म्हणा."